शेवटच्या ओळीतल्या माणसाचं मैदान

वैभववाडीच्या माणसाला मोठं काही पाहायचं असलं की तो घाट चढतो. मोठा दवाखाना, कॉलेजचा प्रवेश, लग्नाचा बस्ता, कुस्तीचं मैदान, नाटकाचा प्रयोग, कारण कुठलंही असो, करूळच्या वळणांनी गगनबावडा आणि तिथून कोल्हापूर ही आमच्या तालुक्याची जुनी वाट आहे. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी करूळ घाट बंद राहिला, तेव्हा भुईबावडा आणि फोंडा घाटाचा वळसा घेऊन लोक जात राहिले. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या, सुमारे १०७ किलोमीटरच्या वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेमार्गाची वाट तालुका अजून पाहतो आहे. वाट बिकट असली तरी ओढ कमी झालेली नाही, कारण घाटावरच्या त्या शहरात काही गोष्टी अशा आहेत ज्या सबंध सिंधुदुर्गात नाहीत. खासबाग मैदान ही त्यांतली एक.

सकाळी खेळ, संध्याकाळी गाणं, दुसऱ्या दिवशी सभा, तिसऱ्या दिवशी नाटक, हे सगळं एकाच आवारात व्हावं ही कल्पना आता महानगरांची मानली जाते. तिला आपण बहुउद्देशीय क्रीडागृह म्हणतो, तिच्यासाठी कोट्यवधींच्या निविदा निघतात आणि आराखड्यांत परदेशी इमारतींची चित्रं लावली जातात. पण मध्यम आकाराच्या एका मराठी शहराने हे काम शंभर वर्षांपूर्वीच केलं होतं. १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग हे कुस्तीचं मैदान उभं राहिलं आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये नाट्यगृह पूर्ण झालं. हजारोंना एकत्र बसवून प्रत्येकाला सारखं दाखवायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर तिथे दगडामातीत लिहिलेलं आहे. सिंधुदुर्गातल्या तालुक्यांनी आपल्या क्रीडा संकुलांचा विचार करताना ते उत्तर आधी वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

रोममध्ये पाहिलं, कोल्हापुरात बांधलं

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी राजर्षी शाहू महाराज इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. इसवी सन ८० च्या सुमारास पुरं झालेलं हे लंबवर्तुळाकार प्रेक्षागार. मधोमध झुंजीची जागा, भोवती चढत गेलेल्या दगडी पायऱ्या, आणि माणसांचा लोंढा थोड्या वेळात आत यावा व बाहेर पडावा म्हणून ऐंशी दरवाजे. महाराज स्वतः तालमीत घडलेले. कुस्तीवर त्यांचा जीव होता. आपल्या पैलवानांची झुंज रयतेला अशी मनसोक्त पाहता यावी, हा विचार तिथे रुजला आणि दहा वर्षांनी कोल्हापुरात खासबाग मैदान तयार झालं.

याच दौऱ्यातली आणखी एक गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. महाराज परदेशात असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. इतिहासाच्या पुस्तकांत हा हुकूम एका प्रकरणात येतो आणि खासबाग दुसऱ्या. मला ही दोन्ही एकाच मनाची कामं वाटतात. एकाने दप्तरात बसायला जागा दिली, दुसऱ्याने मैदानात. रोमच्या कलोसियममध्ये बसण्याची उतरंड कडक होती. सिनेटर पुढे, सामान्य माणूस मागे, स्त्रिया आणि गुलाम सर्वांत वर. कोल्हापूरही संस्थान होतं, त्यामुळे मानाच्या जागा असणारच. तरीही या मैदानाचा घाट असा आहे की मागच्या माणसाला पुढच्याच्या फेट्याआडून डोकवावं लागत नाही. मैदान परातीसारखं खोलगट आहे. तळाशी मधोमध हौदा आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेली बैठक. हौद्यातला पैलवान कुठल्याही कडेला झुकला तरी पट काढणारा हात शेवटच्या ओळीपर्यंत दिसतो.

सोप्या वाटणाऱ्या या रचनेमागे भूमिती आहे. मागे बसलेल्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून चार-पाच बोटं तरी वरून जावी लागते. बैठक सरळ एकाच उताराने चढवली, तर दूरच्या ओळींना ही चार-पाच बोटं मिळत नाहीत. म्हणून जसजसं मागे जावं तसतशी पायरी अधिक उंच करावी लागते. आजचे वास्तुविशारद हे गणित संगणकावर सोडवतात. खासबागेत ते सोडवलेलं सापडतं, तेही हजारोंच्या बैठकीसाठी.

मैदानाच्या उद्घाटनाची कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात झाली. इमामबक्ष म्हणजे विख्यात गामा पैलवानाचा धाकटा भाऊ. दोघे भाऊ १९१० मध्ये लंडन गाजवून आले होते. तिथे इमामबक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला पाडलं होतं. पंजाबातला असा मल्ल कोल्हापूरच्या मातीत उतरला आणि त्याने कुस्ती जिंकली. पहिल्या दिवसापासून खासबाग फक्त गावचा आखाडा राहिला नाही, देशभरच्या मल्लांना तिथे बोलावणं जाऊ लागलं.

मैदान चालतं कशावर

बांधलेली वास्तू एकटी काही करत नाही. खासबाग जिवंत राहिली ती तिच्याभोवतीच्या तालमींमुळे. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळा इमाम, मठ या तालमींत पहाटे जोर-बैठका मारणारी पोरं खेड्यापाड्यांतून आली होती. तालीम हेच त्यांचं वसतिगृह आणि शाळा. वस्ताद हेच आईबाप. थंडाई, दूध आणि बदाम यांचा खर्च घरच्या एखाद्या म्हशीवर किंवा एखाद्या दानशूर घराण्यावर चालायचा. खासबागेतल्या जोडीत आपलं नाव लागावं, हे त्या पोरांच्या वर्षाच्या मेहनतीचं मोल होतं.

हौद्याची मातीसुद्धा तयार करावी लागते. लाल माती चाळून घ्यायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, काव मिसळायचं आणि ती पुन्हा पुन्हा उकरून मऊ ठेवायची. पडणाऱ्याची हाडं सांभाळणं आणि खरचटलेल्या अंगाला औषध होणं ही तिची दोन कामं. मैदानाच्या दिवशी हलगी कडाडते, पैलवान शड्डू ठोकत फेरी मारतात, पंच हात उंचावतात. आधी पोरासोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग चढत्या इनामांच्या, आणि सूर्य कलताना एक नंबरची जोड. मातीच्या कुस्तीचा जुना रिवाज निकाली कुस्तीचा. गुणांवर हरजीत ठरत नसे, पाठ जमिनीला लागली की खेळ संपला. घिस्सा, ढाक, एकलंगी, धोबीपछाड हे डाव वरच्या ओळीतल्या शेतकऱ्यालाही कळत, कारण ते त्याने स्वतः कधीतरी गावच्या जत्रेत मारलेले किंवा सोसलेले असत.

या वातावरणातून पुढे काय उगवलं, ते सर्वांना माहीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जाताना कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना मदत केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या लढवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं. मैदान गावाला काय देतं, याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही. ज्या गावात कुस्ती पाहायला माणसं पैसे मोजून येतात, त्या गावात एका खेळाडूला आपलं ऋण फेडता येतं.

पुढे १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, १९६० मध्ये गणपतराव आंदळकर. दोघेही कोल्हापूरच्या मातीत वाढलेले मल्ल. आज कुस्ती गादीवर गेली आहे. ऑलिंपिकला जायचं तर गादीवरचा सराव हवाच, तिथे तक्रारीला जागा नाही. वडणग्याची रेश्मा माने, मुरगूडची नंदिनी साळोखे या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुली गादीवरूनच देशपातळीवर पोचल्या. पण याच मुलींच्या यशाने जुन्या मैदानांपुढे एक नवा प्रश्न ठेवला आहे. त्या काळी प्रेक्षागार बांधणाऱ्यांनी खेळाडू म्हणजे पुरुष असं गृहीत धरलं होतं. आता नवं काही बांधताना मुलींसाठी कपडे बदलायची खोली, स्वच्छतागृह आणि रात्री घरी पोचायची सोय आधी आखावी लागेल, मग हौदा.

एका भिंतीपलीकडे नाटक

खासबागेला लागून पॅलेस थिएटर उभं राहिलं. १९१३ मध्ये काम सुरू झालं, १९१५ मध्ये संपलं. नाट्यगृहाच्या पाठीला पाठ लावून मैदानाच्या बाजूला खुला रंगमंच. आत निवडक प्रेक्षकांचं संगीत नाटक आणि बाहेर हजारोंची कुस्ती, जलसा, सभा. एकाच आवारात छताखालचं आणि आभाळाखालचं असे दोन प्रेक्षागार जोडण्याची ही कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते. ज्याचं तिकीट आतलं नाही, त्याच्यासाठी बाहेर जागा होती.

त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते. नटाचा आवाज हीच नाट्यगृहाची खरी कसोटी. कोल्हापूरचेच केशवराव भोसले या कसोटीला पुरून उरले. ९ ऑगस्ट १८९० चा त्यांचा जन्म. अगदी लहान वयात ‘स्वदेशहितचिंतक’ नाटक मंडळीत ‘शारदा’ गाजवणारा हा मुलगा १९०८ मध्ये, जेमतेम सतरा वर्षांचा असताना, हुबळीला ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढून बसला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर होते. तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय अवघं एकतीस. सात महिन्यांनी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजही गेले. खासबागेच्या खुल्या रंगमंचावर, सामान्य रयतेसमोर केशवरावांनी केलेल्या ‘मृच्छकटिका’च्या प्रयोगाची आठवण कोल्हापूर आजही सांगतं. १९५७ मध्ये पॅलेस थिएटरला ‘संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह’ हे नाव मिळालं.

या कथेत आमच्या मालवण किनाऱ्याचाही धागा आहे. ‘ललितकलादर्श’ने संगीत रंगभूमीवर सामाजिक प्रश्न आणले, ते मामा वरेरकरांच्या लेखणीतून. ‘हाच मुलाचा बाप’, ‘संन्याशाचा संसार’ ही नाटकं केशवरावांच्या मंडळीने केली आणि त्यांच्या पश्चात बापूराव पेंढारकरांनी ‘सत्तेचे गुलाम’ उभं केलं. हे वरेरकर मूळचे कोकणातले. पोस्टाच्या नोकरीत असताना त्यांनी लिहायला सुरुवात केली होती. मालवणचं नाट्यगृह आज त्यांच्याच नावाने आहे. कोल्हापूरचा गळा आणि कोकणची लेखणी शंभर वर्षांपूर्वी एका मंडळीत भेटली, ती घाटात रस्ता बरा नसतानाच्या दिवसांत.

८ ऑगस्टची रात्र

२०२४ चा ऑगस्ट कोल्हापूर जिल्ह्यासाठी आनंदात उजाडला. १ ऑगस्टला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राधानगरी म्हणजे आमच्या सह्याद्रीच्या माथ्यावरचा शेजार. आनंद घाटाखालीही झाला.

बरोबर एका आठवड्याने, ८ ऑगस्टच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जुनं लाकूड, पडदे, खुर्च्या, छप्पर, सगळं काही तासांत गेलं. खासबागेच्या बाजूचा रंगमंचही जळाला. उरल्या त्या भिंती. रात्रीच कलावंत रस्त्यावर जमले आणि म्हातारे नट लहान मुलासारखे रडले. होतं तसं नाट्यगृह पुन्हा उभं राहिलं पाहिजे, ही मागणी त्याच गर्दीतून उठली. शासनाने निधी जाहीर केला आणि पुनर्बांधणीचं काम हाती घेण्यात आलं.

या आगीतून एक गोष्ट स्पष्ट दिसली. लाकूडकाम, जुनी वीजजोडणी, कापडी पडदे आणि दोन इमारतींना जोडणारी भिंत, हे सगळं ज्या वास्तूत एकत्र असतं, तिला रोजची राखण लागते. तारा तपासणं, पाण्याची टाकी भरलेली ठेवणं, बंबाला आत यायला वाट मोकळी ठेवणं, रात्रीचा जागता पहारा. ही कामं कुणाच्या भाषणात येत नाहीत आणि त्यांचा फलक लागत नाही. उद्घाटनाचा नारळ एकदा फुटतो, पण देखभालीचा खर्च दरवर्षी असतो. मोठ्या वास्तू बांधणाऱ्या प्रत्येक नगरपंचायतीने, महापालिकेने आणि समितीने हे अर्थसंकल्पाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं पाहिजे.

आमच्याकडची मैदानं

आता घाट उतरून खाली येऊ. वैभववाडी तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आत होती. मुख्यालयाचं गाव वाभवे-वैभववाडी नगरपंचायतीचं. इथे कुणी तीस हजार माणसांचं प्रेक्षागार मागणार नाही आणि मागूही नये. पण इथे खेळ, गाणं आणि नाटक नाही, असं म्हणणाऱ्याने आमचा हिवाळा पाहिलेला नाही.

भात कापून झालं की मळे मोकळे होतात. त्या कापलेल्या मळ्यांत खेळपट्टी चोपून टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू होतात, मुंबईकर चाकरमानी सुट्टी काढून आपल्या वाडीच्या संघातून खेळायला येतात. शाळेच्या पटांगणात कबड्डीची आखणी होते. कार्तिकापासून गावोगावच्या देवळांच्या जत्रा लागतात आणि रात्रभर दशावतार चालतो. देवळाच्या मंडपात किंवा पुढच्या अंगणात थोडी जागा, पाठीमागे एक पडदा, बसायला एक बाकडं. एवढ्यावर इंद्रसभा उभी राहते. संहिता लिहिलेली नसते. हार्मोनियम, पखवाज आणि झांज यांच्या साथीने नट आख्यान रचत जातो, आणि तीन बाजूंनी दाटून बसलेला प्रेक्षक त्याच्या अगदी हाताच्या अंतरावर असतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, चेंदवणकर या मंडळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ जपला. मच्छिंद्र कांबळींनी १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ रंगमंचावर आणून मालवणी बोली जगभरच्या नाट्यगृहांत नेली, तिच्या मुळाशी हीच गावची रंगभूमी आहे.

मग डबलबारी. दोन भजनी मंडळं, दोन बुवा, समोरासमोर. रूपाचा अभंग, गजर, गवळण, आणि मग एकमेकांना घातलेली कोडी आणि त्यांची गाण्यातूनच दिलेली उत्तरं. सिंधुदुर्गात डबलबारीला जमणारी गर्दी पाहिली की मोठ्या शहरांतल्या गाण्यांच्या कार्यक्रमांचं अप्रूप कमी वाटतं. ही सगळी माणसं मोकळ्या मैदानात, थंडीत, पहाटेपर्यंत बसतात.

म्हणजे प्रेक्षक आहे, कलावंत आहे आणि खेळाडू आहे. जागा नाही. जी आहे ती चार-पाच महिन्यांची. जूनमध्ये पाऊस लागला की आमचं सगळं थांबतं. सह्याद्रीच्या कुशीत पावसाची धार अशी असते की शाळेच्या पटांगणात ऑक्टोबरपर्यंत पाय ठेवता येत नाही. कबड्डीच्या मुलींचा सराव याच काळात तुटतो आणि शालेय स्पर्धा मात्र पावसाळ्यातच सुरू होतात. घाटावरच्या मुलांना तालीम आहे, छप्पर आहे. आमच्या मुलांना व्हरांडा आहे.

एका छपराखाली किती काय मावतं

आमच्या दक्षिणेला, गोव्यात, ताळगावचं श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम २०१४ च्या लुसोफोनिया खेळांसाठी उभं राहिलं. तिथे आता खेळही होतात आणि मोठे सोहळेही. मुंबईत वरळीचं सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम १९५७ पासून आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डीचा पहिला हंगाम तिथेच सुरू झाला आणि गाण्यांचे मोठमोठे जलसेही तिथे रंगतात. अशा वास्तूंचं चालणं समजून घेतलं तर लहान गावालाही आपलं माप काढता येतं.

मापंच पाहू. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. बॅडमिंटनला १३.४ बाय ६.१ मीटर लागतं, व्हॉलीबॉलला १८ बाय ९ आणि बास्केटबॉलला २८ बाय १५. म्हणजे बास्केटबॉलचं मैदान मावेल एवढी मोकळी जागा केली, तर बाकीचे सगळे खेळ त्याच फरशीवर वेगवेगळ्या रंगांच्या रेघांनी आखता येतात. त्याच जागेत कुस्तीची गादी अंथरता येते. व्हॉलीबॉलसाठी डोक्यावर किमान सात मीटर मोकळी उंची लागते. ती दिली की नाटकाच्या दिव्यांनाही पुरते. बैठक कायमची सिमेंटची करून टाकण्याऐवजी दोन बाजूंना पायऱ्या आणि बाकी दोन बाजूंना आत सरकणारी बाकं ठेवली, तर सकाळी सराव आणि रात्री प्रयोग दोन्ही होतात.

खरी अडचण आवाजाची. उंच छप्पर, सिमेंटच्या भिंती आणि पत्रा या तिघांनी मिळून शब्दांचा कालवा होतो. बोलक्या नाटकासाठी आवाज सुमारे एका सेकंदात विरावा लागतो, रिकाम्या क्रीडागृहात तो कितीतरी अधिक वेळ घोळत राहतो. त्यात कोकणातला पाऊस पत्र्यावर पडू लागला की समोरच्याचंही ऐकू येत नाही. उपाय महाग असायलाच हवा असं नाही. छताला दुहेरी पत्रा आणि मधे आवाज शोषणारा थर, भिंतींवर सच्छिद्र लाकडी फळ्या, प्रयोगाच्या वेळी सोडायचे जाड पडदे, आणि रंगमंच लांबीच्या टोकाला न ठेवता एका लांब बाजूला मध्यावर, म्हणजे शेवटचा प्रेक्षक जवळ येतो. दशावताराने तीन बाजूंनी प्रेक्षक बसवून हेच साधलं आहे.

दुसरी अडचण वाऱ्याची. आमच्याकडे वर्षातले बरेच महिने हवा दमट. पूर्ण बंद आणि वातानुकूलित इमारत बांधली की विजेचं बिल नगरपंचायतीच्या आवाक्याबाहेर जातं, मग कुलूप लागतं. त्यापेक्षा वर रुंद पन्हाळी छप्पर, खाली पावसाची झड आत येणार नाही इतके लांब पाखे आणि बाजूंनी मोकळा वारा, हे आमच्या घरांनी आणि देवळांच्या मंडपांनी शतकानुशतकं वापरलेलं उत्तर आहे. बांधकाम खात्याच्या एकाच साच्यातला आराखडा नागपूरलाही चालतो आणि वैभववाडीलाही, या समजुतीने सरकारी पैसा सर्वांत अधिक वाया जातो.

मागणी नेमकी करावी

राज्य शासनाची तालुका क्रीडा संकुलांची योजना आहे. सिंधुदुर्गनगरीला जिल्हा क्रीडा संकुल आहे. कणकवलीत वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानसारख्या संस्थेने लोकांच्या बळावर नाटकाची चळवळ किती वर्षं चालवता येते ते दाखवलं आहे. म्हणजे शून्यापासून सुरुवात करायची नाही. क्रीडा खात्याची जागा वेगळी, सांस्कृतिक खात्याचं सभागृह वेगळं, आणि दोन्ही अर्धवट, ही रीत तेवढी मोडायला हवी. कोल्हापूरच्या राजाने कुस्ती आणि नाटक शेजारी बसवलं, कारण दोन्हींचा प्रेक्षक एकच आहे हे त्याला दिसत होतं. आमच्या तालुक्यातही कबड्डी खेळणारी मुलगी आणि डबलबारीला पखवाज वाजवणारा तिचा भाऊ एकाच घरातले असतात. त्यांना दोन खात्यांत वाटून टाकायचं कारण नाही.

वैभववाडीने काय मागावं, ते मी माझ्यापुरतं असं मांडतो. बास्केटबॉलचं मैदान मावेल असं पावसापासून राखलेलं छप्पर. सात-आठशे माणसांची चढती बैठक, तिच्या शेवटच्या ओळीत बसून आराखडा मंजूर करणाऱ्यांनी आधी स्वतः खेळ पाहावा. एका बाजूला रंगमंच, आणि त्याच रंगमंचाचं दुसरं तोंड बाहेरच्या मोकळ्या मैदानाकडे, म्हणजे जत्रेच्या आणि डबलबारीच्या रात्री हजारो माणसं आभाळाखाली बसू शकतील. मुलींसाठी स्वतंत्र खोल्या. गाववाल्यांना परवडेल असं भाडं आणि शाळांना फुकट सराव. देखभालीसाठी दरवर्षी वेगळा, हात न लावता येणारा निधी. आणि सामने संपल्यावर रात्री वाडीवाडीत जाणारी एसटी.

यातलं काहीही अशक्य नाही. यातलं बरंचसं शंभर वर्षांपूर्वी, वीज नीट पोचलेली नसताना, घाटाच्या माथ्यापलीकडे एका शहराने करून दाखवलं. दिवाळीच्या सुट्टीत गावी येणाऱ्या चाकरमान्यांना, ग्रामसभेत बसणाऱ्या पंचांना आणि नगरपंचायतीच्या सदस्यांना माझी विनंती आहे, की येत्या ग्रामसभेत आणि नगरपंचायतीच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा, ठराव करून घ्या आणि आराखडा पाहिल्याशिवाय पायाभरणी होऊ देऊ नका. मैदान चांगलं की वाईट, हे त्याच्या शेवटच्या ओळीत बसलेला माणूस ठरवतो. त्याला दिसेल आणि ऐकू येईल असंच बांधा, नाहीतर तो पैसा शाळांच्या छपरांना द्या.